नववा बोळा

खुर्च्या संपल्या तशी माणसं भिंतीला टेकून उभी राहिली, भिंती संपल्या तशी खिडक्यांत चढून बसली. सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. स्टेजवर एका लांब टेबलापाशी बिनसुरीचे बाबा बाह्या सारून उभे होते. छातीवर माइक अडकवलेला, चेहऱ्यावर जगाची कणव.

"सुरी नाही, भूल नाही, टाका नाही!" बाबा गरजले. "दवाखाना काय करतो? आईचं पोट फाडतो! आम्ही कातडीला विनंती करतो. कातडी वाट देते. आम्ही आत जातो, पोटातल्या बाळाचं दुखणं उचलतो आणि बाहेर येतो. व्रणसुद्धा राहत नाही!"

कातडीला विनंती! समोर चाललेली ढकलाढकली ज्याला विनंती करून थांबवता येत नव्हती, त्याचं कातडी मात्र मुकाट ऐकत होती म्हणे. पण लोकांनी हात जोडले. पोटुशी बायका तर डोळे पुसत होत्या.

तिसऱ्या रांगेत सिस्टर बसली होती. मोठ्या दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरमध्ये तिची अकरा वर्षं गेली होती. शेजारी तिची धाकटी बहीण, आणि बहिणीच्या मांडीवर अकरा महिन्यांचं बाळ. बाळ हसरं होतं, हातांनी आईचे केस ओढत होतं. पाय मात्र नुसते लोंबत होते.

धाकटीला पाचवा महिना असताना सोनोग्राफीत दिसलं होतं, बाळाच्या पाठीचा कणा उघडा राहिलाय. डॉक्टर म्हणाले, पोटात असतानाच ऑपरेशन करून तो झाकता येतो, पायांत बळ राहण्याची आशा वाढते, पण सव्वीस आठवड्यांच्या आत. तारीखही ठरली. धाकटी घाबरली. आपलं पोट, आत बाळ, आणि बाळाच्या पाठीवर सुरी! कुणीतरी या बाबाचं नाव सांगितलं. त्याने लोकांदेखत तिच्या पोटातून रक्ताळलेली गाठ काढून दाखवली. धाकटी ताईला न सांगता तारीख रद्द करून आली.

बाळ जन्मलं ते असं. धाकटी पुन्हा बाबाकडे गेली, तर तो म्हणाला, "तुझ्या मनात शंका होती, बाई. शंकेने जखम परत उघडली." झालं! तेव्हापासून ती रोज आंघोळ घालताना त्या निर्जीव पायांची माफी मागायची. सिस्टर दाराआडून ऐकायची आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तिला त्या माणसाची नुसती फजिती नको होती. त्याला त्याच्याच तोंडाने बोलतं करायचं होतं, आणि तेही धाकटीसमोर.

म्हणून मागचे दोन रविवार ती इथे येऊन गेली होती. लोक रक्त बघत होते, ती रक्त टिपणारे कापसाचे बोळे मोजत होती. सवयच ती. थिएटरमध्ये किती बोळे पोटात गेले, किती बाहेर आले, हे दोघी नर्स मिळून मोठ्याने मोजतात. हिशोब जुळल्याशिवाय मोठ्यातल्या मोठ्या सर्जनला टाका घालता येत नाही. इथे दोन्ही रविवारी आठ बोळे गेले आणि नऊ आले.

आज बाबांनी पहिला नंबर पुकारला. स्टेजवर चढली ती एक कोवळी पोर, सहावा महिना, हातात सिस्टरच्याच दवाखान्याची हिरवी फाइल. सोमवारची पहिली केस! तेच दुखणं, तोच उघडा कणा.

"उद्या ऑपरेशन आहे, बाबा," पोर म्हणाली. "पंचवीस आठवडे झालेत. डॉक्टर म्हणतात, आता थांबता येणार नाही."

"आधी रद्द कर. फोन लाव, सगळ्यांसमोर सांग. मगच टेबलावर ये."

पोरीने मोबाइल काढला. आता बसून चालणार नव्हतं.

"बाबा, आधी आमच्या वहिनीला घ्या हो!" सिस्टर ओरडली. "कळा सुटल्यात तिला!"

ठरल्याप्रमाणे तिच्या दुसऱ्या बाजूची आडव्या बांध्याची बाई "आई गं! मेले गं!" करत उठली. ती वॉर्डातली आयाबाई. वजन ब्याऐंशी किलो, आणि आवाज त्याहून जड. बाबांनी पोरीला थांबवलं. लोकांदेखत कळा देणारी बाई कोण सोडतो?

सिस्टर तिला धरून स्टेजवर घेऊन गेली आणि आयाबाई टेबलावर आडवी झाली. बाबांनी तिच्या पोटावर हात फिरवला, डोळे मिटले. "सहावा महिना. मुलगा आहे. पण पाठीवर गाठ, सुपारीएवढी."

"अगं बाई!" आयाबाई म्हणाली.

बाबांच्या चेलीने कापसाच्या बोळ्यांचा वाडगा ठेवला. सिस्टरने तो पुढे ओढला. "मनाला धीर म्हणून मोजते हं. एक, दोन, तीन..." आठपर्यंत तिचा आवाज बाबांच्या माइकमधून सगळ्यांनी ऐकला. काहीजण हसले.

बाबांनी पोटाची वळी चिमटीत धरली, पाणी शिंपडलं, बोळे दाबले. बोटं आत गेल्यासारखी दिसली आणि लाल धार वाहू लागली. सभागृहात किंकाळी उठली. बाबांनी एक लिबलिबीत तुकडा उंच धरला. "ही बघा गाठ! बाळ मोकळं झालं!"

चेली पोट पुसून वापरलेल्या बोळ्यांचं तबक उचलायला गेली. सिस्टरने तबकावर पंजा टाकला.

"थांबा. मोजणी जुळल्याशिवाय पोट बंद करायचं नाही."

"अहो बाई, पोट उघडलंय कुठे!" बाबा खेकसले.

छातीवरच्या माइकने ते शेवटच्या खिडकीपर्यंत पोचवलं. मग मागून एकजण फिसकन हसला.

"मोज," सिस्टर म्हणाली. तुम्हीवरून ती तूवर आली होती. "तूच मोज. मोठ्याने."

बाबांनी जिन्याकडे पाहिलं. जिन्यात माणसंच माणसं. त्यांनी मोजले. "...सात, आठ..." तबकात एक बोळा उरला होता.

"पुढे?"

"नऊ," बाबा पुटपुटले.

सिस्टरने तो नववा बोळा उकलून धरला. आत फुटका फुगा, त्यात लाल रंगाचे थेंब. "हा वाडग्यात नव्हताच. चेलीच्या डाव्या मुठीतून येतो. फुगा फुटतो, रंग वाहतो, बोटं वळीत दुमडली की आत गेल्यासारखी दिसतात."

आयाबाई उठून बसली आणि तिने तो तुकडा हुंगला. "गाठ कसली डोंबलाची? कोंबडीचं काळीज आहे हे! आणि बाबा, माझी पिशवी काढून चार वर्षं झाली की हो. मुलगा ठेवलात कुठे?"

सभागृह उसळलं. चपला उडू लागल्या, लोक स्टेजवर धावले.

"हात लावायचा नाही!" सिस्टर कडाडली. "मला हा धडधाकट हवाय. कोर्टात उभा राहून नऊपर्यंत मोजायला." आयाबाईने तोवर बाबांचं मनगट धरलं होतं. ते सुटणारं नव्हतं.

धाकटी केव्हा वर आली कुणाला कळलं नाही. तिने बाळाला टेबलावर, त्या लाल डागांशेजारी ठेवलं.

"माझ्या पोटातूनही कोंबडीच काढलीस ना?" तिने विचारलं. "अकरा महिने मी याच्या पायांची माफी मागतेय. आता तू माग."

बाबांनी मनगट सोडवायला हिसका दिला.

"माग!"

"चुकलं," तो म्हणाला. धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. मग ती रडली, मोकळी, मोठ्याने, अकरा महिन्यांत पहिल्यांदा.

सिस्टर बाबांच्या छातीवरच्या माइककडे वळली. "आमचे डॉक्टर हमी देत नाहीत. धोका सांगतात, सही घेतात, चुकले तर जाब देतात. भीती वाटणं साहजिक आहे, मलाही वाटते. पण भीती वाटली की प्रश्न विचारा. आणि प्रश्न विचारला म्हणून जो तुमच्याच मनातल्या शंकेला दोष देतो, त्याच्यापुढे आपलं बाळ ठेवू नका."

पोर अजून तिथेच उभी होती. ती बाळाच्या पायांकडे बघत होती. धाकटीने बाळाला उचललं आणि तिच्यासमोर धरलं.

"याला अजूनही डॉक्टरकडे नेते, व्यायाम करवते," ती म्हणाली. "पण ती तारीख मला परत मिळत नाही. तुझी उद्या आहे."

पोरीने मोबाइल पिशवीत टाकला. फाइल छातीशी धरली आणि सिस्टरला विचारलं, "उद्या तुम्ही असाल ना आत?"

"असेन," सिस्टर म्हणाली. "मोजायला मीच आहे. सातला ये, उपाशीपोटी."