आईंच्या हातच्या टोपल्या

पाळण्याजवळच्या टेबलावर ती टोपली होती. ओंजळीएवढी, पांढऱ्या-पिवळ्या मण्यांची, तंगुसाच्या दोऱ्यात विणलेली. त्यातले मोजे काढून मी प्रणोतीच्या पायांत चढवले आणि मग लक्षात आलं, ही टोपली कालपर्यंत आपल्या घरात नव्हती.

तशा मण्यांच्या टोपल्या आमच्याकडे नवीन नाहीत. सासूबाईंचं नावच होतं त्यासाठी. आमच्या शहरात मदन महलपासून ग्वारीघाटापर्यंत कुठल्याही मराठी घरी लग्न असो, रुखवतात विभावरीवहिनींची टोपली असायचीच. पण आई दिवाळीनंतर गेल्या. मला तेव्हा सातवा चालू होता. नात त्यांनी पाहिलीच नाही. आणि हे पिवळे मणी तर बारशाच्या तोरणासाठी मीच आणलेले.

शेजारच्या अमिताकाकूंना दाखवली. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी टोपली उलटी केली, बुडावर अंगठा फिरवला.

"विभाच्या हातची. यात काय विचारायचं?"

"कशावरून?"

"हा बघ, आतून काळा मणी. नजर लागू नये म्हणून. आणि गाठ शोधून दाखव! बाजारच्या टोपलीला टोकं कशी मांजराच्या मिशांसारखी बाहेर. हिची गाठ कुणाला सापडली नाही. किती वर्षं मागे लागली होती मी, शिकव बाई, शिकव! हसून चहा पाजायची, बस."

"काकू, हे मणी मी बारशाला आणलेत. आई गेल्यावर."

काकूंनी टोपली टेबलावर ठेवली, जरा घाईनेच. "अच्छा," म्हणाल्या. मग हळूच, "झोप होऊन राहिली ना तुझी नीट?"

माझ्या नवऱ्याला, आल्हादलाही ते पटलं नाही. "जुनी असेल गं, माळ्यावरची."

"आणि मणी?"

"पिवळे मणी काय जगात एकाच पाकिटात येतात?"

पुढच्या आठवड्यात दुसरी टोपली आली, हिरवी. बुडाशी काळा मणी, गाठ नाहीच. आणि पाळण्यात, गोधडीच्या घडीत, एक सुटा मणी.

प्रणोती चार महिन्यांची. हाताला लागेल ते तोंडात. तो मणी मुठीत धरून मी किती तरी वेळ बसून राहिले. त्या दिवसापासून तिला नजरेआड केलं नाही. स्वयंपाकाला उभी राहिले तरी ती कडेवर, आंघोळीला गेले तरी दाराबाहेर तिची गादी. माझ्या लेकीच्या पाळण्यावर कुणाचा हात फिरून राहिलाय, एवढंच मला कळायला हवं होतं.

एका दुपारी तिच्या शेजारी माझाच डोळा लागला. जाग आली ती आवाजाने. लाईट गेली असावी, कूलर बंद होता, म्हणून ऐकू आला. वाटीत मणी पडल्याचा बारीक आवाज. थांबून थांबून.

पडदे ओढलेले. आईंच्या खुर्चीत कुणीतरी पाठमोरं बसलेलं. मान आईंसारखीच वाकलेली.

मग ते खोकलं.

"बाबा?"

सासरे दचकले. वाटी कलंडली, मणी फरशीभर झाले. "अरे, अरे, पिल्लू उठेल," म्हणत ते गुडघ्यांवर बसून एकेक मणी वेचू लागले. मांडीवरून अर्धी टोपली घसरली.

"हसू नकोस मैत्रेयी," खालूनच म्हणाले. "सगळ्या मीच विणल्यात. फॅक्टरीतून आल्यावर, दार लावून. तिला एक रांगही यायची नाही."

"मग आईंचं नाव?"

"रत्नाकर मण्यांच्या टोपल्या करतो म्हटल्यावर फॅक्टरीवाल्यांनी जगू दिलं असतं का? ती म्हणाली, काम तुम्हारा, नाम मेरा. मजा यायची तिला. अमिता मागे लागली की आत येऊन पदर तोंडात धरून हसायची."

मीही हसले. हसता हसता डोळे भरून आले. जिवंत हात होता तर. आमच्याच घरातला.

"पण पाळण्याजवळ काहून बसता, बाबा? गोधडीत मणी सापडला मला."

त्यांचा चेहराच उतरला. "चुकलंच. उद्यापासून हॉलमध्ये बसतो."

"आणि अमिताकाकूंना ती गाठ शिकवून टाका आता."

बाबांनी मान वर केली. "गाठ मला कुठे येते?"

"म्हणजे?"

"काळा मणी, गाठ, ते सगळं तिचं. मी टोकं सोडून ठेवायचो. सकाळी बघावं तर गाठ मारून टोपली बंद केलेली." त्यांनी टेबलाकडे बोट केलं. "याही दोन तशाच ठेवल्या होत्या इथे. तू केल्यास ना बंद?"

मी हिरवी टोपली उचलून बुडाशी बोट फिरवलं.

"तिने शिकवलं असेल तुला, असं धरून चाललो. बरं वाटलं होतं मला."

हो म्हणणं सोपं होतं. पण ते माझ्याकडे असे बघत होते, की खोटं बोलवेना.

"मी नाही केल्या, बाबा."

ते तिथेच फरशीवर बसले. हातातले मणी एकेक करून वाटीत सोडले. मग म्हणाले, "तुला नको वाटत असेल तर उचलतो सगळं. लेकरू तुझं आहे."

उचललं असतं तर सगळं थांबलं असतं. मी प्रणोतीकडे पाहिलं. गालाखाली मूठ घेऊन झोपली होती.

"राहिलेली रांग पूर्ण करा," मी म्हटलं.

त्यांनी केली. टोकं लोंबत ठेवली. मी फरशीवरून, पाळण्याखालून, गोधडीच्या प्रत्येक घडीतून हात फिरवला. एकही मणी राहिला नव्हता. टोपली टेबलाच्या पार पलीकडच्या कडेला ठेवली आणि प्रणोतीला न घेता स्वयंपाकघरात गेले. बाबाही मागोमाग आले.

चहाचं आधण ठेवलं. दोघंही गॅसकडे बघत उभे होतो. खोलीत प्रणोती जागी झाली. रडली नाही. हुंकार देऊन राहिली होती, समोर कुणी बोलत असलं की देते तसे, मध्ये थांबून, ऐकून, मग पुन्हा.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी चहात साखर घातली आणि ढवळत राहिले.