लिफ्टवाल्याचं घरचं कार्ड

लिफ्टवाल्याच्या थोरल्या भावाचं आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी धाकट्यालाही समोर बसवून घेतलं. सिगारेट बंद, डबाबंद मांस बंद, भाज्या आणि डाळी रोज, अर्धा तास चालणं, आणि वय सत्तेचाळीस म्हणजे आतड्याची तपासणी लगेच. लिफ्टवाल्याने अशी मान हलवली, की डॉक्टरांना वाटलं, झालं काम.

बायको ती मान ओळखून होती. लिफ्टची दुरुस्ती-तपासणी करून तो आत देखभालीचं कार्ड लावायचा, तस्संच एक तिने स्वयंपाकघरात टांगलं. डावीकडे कामं, वर तारखा, चौकटीत खूण.

बारा तारखेला बघते, तर कार्ड तीस तारखेपर्यंत भरलेलं. अठराला तो चाळीस मिनिटं चालला होता. पंचवीसला तपासणीही उरकली होती.

ती पिशवी घेऊन सहा मजले जिन्याने उतरली आणि जिन्यानेच चढली.

चौथ्या मजल्यावरच्या मास्तरांनी विचारलं, "लिफ्ट बिघडली का हो, वहिनी?"

"छे. पण तिचंही कार्ड आमचे हेच भरतात."

संध्याकाळपर्यंत अख्खी इमारत जिन्यावर. आठवडाभरात मास्तरांचा पट्टा एक भोक आत गेला, पाचव्या मजल्यावरच्या काकूंना झोप लागू लागली. लिफ्ट तळमजल्यावर दार उघडं टाकून उभी.

लिफ्टवाल्याच्या ते जिव्हारी लागलं. "बावीस वर्षांत लिफ्टचं एक कार्ड खोटं भरलं नाही मी."

"लिफ्ट गेली तर दुसरी बसवता येते," बायको भाजी निवडत म्हणाली. "नवऱ्याचं तसं नाही."

तो खाली पडलेली देठं गोळा करू लागला. "भीती वाटते गं. काही सापडलं तर?"

"लिफ्ट उघडून बघताना वाटते?"

"न उघडता चालवली तर वाटते," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं.

पंचवीसला तो खरोखरच गेला. शेंगदाण्याएवढी गाठ निघाली. डॉक्टरांनी ती तिथल्या तिथे काढली. कॅन्सर नव्हता, पण राहू दिली असती तर पुढेमागे झाला असता, असं ते म्हणाले.

घरी येऊन त्याने नवं कार्ड टांगलं. "एक भाग सदोष. काढला. पुढची तपासणी तीन वर्षांनी." खाली आजची तारीख आणि सही.

बायकोने तारीख दोनदा वाचली, पिशवी उचलली आणि लिफ्टमध्ये शिरली. "येताय?"

"तू हो पुढे. माझी आजची चालायची अकरा मिनिटं राहिलीत," म्हणत तो जिन्याकडे वळला.