नसेल तर घाल

"आला हा परत यादीत! स्वतः येत नाही, नाव मात्र वेळेवर हजर."

फळीपलीकडून धाकटी पुटपुटली. धाकटी म्हणजे माझी नणंद. तिचं पुटपुटणं रस्त्यापर्यंत जातं, आणि तिला वाटतं आपण मनातच बोललो. चष्म्याच्या दुकानात ती काउंटर सांभाळते. आडोशाच्या फळीच्या अलीकडे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि मी. मागच्या खोलीत काचा घासायचं मशीन आहे. ते दिवसभर घरघरतं, म्हणून आम्हा सगळ्यांनाच मोठ्याने बोलायची सवय, आणि न ऐकल्याचं सोंग घ्यायचीही.

यादी म्हणजे डोळे तपासणाऱ्यांची यादी. त्यात तीन नावं. सासरे, पगारी तपासनीस आणि माझा नवरा.

नवरा सव्वादोन वर्षांपूर्वी परदेशात काचांच्या कारखान्यात गेला. सहा महिन्यांचं काम आहे म्हणाला. आधी रोज फोन यायचा, मग रविवारी, मग नुसते निरोप, मग तेही नाहीत. त्याचा विषय निघाला की घरात प्रत्येकाला काहीतरी काम आठवतं. सासूबाई गॅस बंद केला का बघायला जातात. मी तर अख्खं सॉफ्टवेअर बघायला बसते.

त्या दिवशी मात्र विषय टाळता येईना, कारण विषयच बाकावर येऊन बसला होता. एक निवृत्त बसचालक. घरबसल्या त्यांनी वेळ घेतली होती, आणि आमच्या प्रोग्रामने त्यांना दहा वाजता माझ्या नवऱ्याकडे पाठवलं होतं. साडेअकरापर्यंत ते रिकाम्या खोलीसमोर बसले.

"बाई, चाळीस वर्षं मी गाडी वेळेवर काढली," ते मला म्हणाले. "ड्रायव्हर नसला तर तिकिटं फाडत नाहीत."

"रजेवर आहेत ते," धाकटी घाईने म्हणाली.

"मग रजेवर आहेत असं लिहा की! डोळे माझे गेलेत, का तुमचे?"

पगारी तपासनीसाने त्यांचा नंबर काढून दिला आणि ते गेले. धाकटी माझ्याकडे वळली. "वहिनी, तुझं ते यंत्र दुरुस्त कर. आज एकाला बसवलं, उद्या दहांना बसवेल."

"करते," मी म्हटलं.

खरं सांगायचं तर दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. बिघाड कुठे होता ते मला वर्षभर माहीत होतं.

पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा मी एकेचाळिसाव्या वर्षी शिकले, इंटरनेटवरचे व्हिडिओ थांबवत थांबवत. नवरा चिडवायचा, "काय म्हणतोय तुझा अजगर?" पण दुकानाची वही बंद करून सगळं डेटाबेसमध्ये घालायची हौस त्याचीच. डेटाबेसमध्ये नवा रकाना हवा झाला, जुना मोडायचा झाला, की मायग्रेशन लिहायचं. छोटी फाइल, तिला क्रमांक, आणि आत काय बदलायचं ते. घरात माणसं राहत असताना भिंत हलवायची, आणि कुणाचं ताटही हलू द्यायचं नाही, असं ते काम. माझ्या अशा एकेचाळीस फाइली झाल्यात.

मायग्रेशन झालं की त्याच दमात दुसरी एक फाइल चालते. पेरणीची. दुकान सुरू व्हायला जे लागतंच ते ती भरते. फ्रेमचे प्रकार, काचांचे नंबर, आठवड्याच्या वेळा, आणि तपासणारे तिघं. आम्ही दोघांनी मिळून ती लिहिली तेव्हा त्याने एक गोष्ट बजावून सांगितली. दर वेळी आंधळेपणाने भरू नकोस, दुप्पट होईल. आधी बघ, आणि नसेल तर घाल.

तपासणाऱ्यांना त्या फाइलीत घालायलाच नको होतं. माणसं म्हणजे काही काचांचे नंबर नव्हेत. शिकलेल्या कोणी ही चूक केली नसती. आमच्यासारख्या घरगुती कारागिरांनीच केली, कारण तेव्हा आम्हाला वाटलं, हे तिघं काय, कायमचेच.

गेल्या वर्षी कधीतरी कोणीतरी त्याचं नाव यादीतून काढलं. मी अपडेट केलं, पेरणीच्या फाइलीने बघितलं, नाव नव्हतं, घातलं. दुसऱ्या दिवशी ते परत गायब. मी ओळखलं, ही धाकटी. बोलले नाही. ती ओळ खोडायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी खोडली नाही. उलट अपडेट जास्त वेळा करायला लागले. 'तपकिरी'चं 'चॉकलेटी' केलं तरी अपडेट. तेवढाच एक दिवस, दहाच्या रकान्यात त्याचं नाव दिसायचं.

त्यातही फसवणूक होतीच. नाव काढलं की त्याने तपासलेल्या तीन हजार डोळ्यांच्या नोंदींपुढची तपासणाऱ्याची जागा कोरी होते. फाइल त्याला परत घालते ती नव्या क्रमांकावर. पहिल्यांदा तो तीन होता, मग चार, मग पाच. आता चौदावर पोचला होता. नाव तेच, पण एकाही जुन्या नोंदीशी त्याचा संबंध नाही. मी दर वेळी परत आणत होते तो कोणी तिसराच माणूस होता.

बसचालक गेल्यावर मी पहिल्यांदा कोणी काय बदललं त्याची नोंद उघडली. धाकटीला पुराव्यानिशी पकडायचं, एवढाच विचार होता.

नाव अकरा वेळा काढलेलं होतं. धाकटीच्या खात्यातून एकदाही नाही. अकराही वेळा सासऱ्यांच्या. वेळ सकाळी सात दहा, सात बारा, सात पंधरा. दुकानाचं शटर आठला उघडतं.

सासऱ्यांना माउस धरता येत नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. एका बोटाने टाइप करतात, आणि प्रत्येक अक्षर सापडलं की चष्म्यावरून त्याच्याकडे असं बघतात जणू तेच उशिरा आलंय. गेले तीन दिवस ते तापाने घरी होते. परवा मी अपडेट केलं आणि नाव काढायला कोणी आलंच नाही.

चार वाजता ते मफलर गुंडाळून दुकानात आले. मी स्टूल पुढे केलं.

"बाबा, तुम्ही त्याला अकरा वेळा काढलंत."

ते पडद्याकडे बघत म्हणाले, "आणि तू अकरा वेळा घातलंस."

"मी नाही. प्रोग्राम घालतो."

"प्रोग्राम काय आकाशातून पडला?"

मला हसू आलं, आणि ते अर्ध्यातच अडकलं. धाकटी फळीच्या कडेला येऊन उभी होती. हातात कुणाची तरी फ्रेम, पुसत होती, पुसतच होती.

"मला वाटलं, तू बघत असशील रोज," ते म्हणाले. "सकाळी आलीस की ते नाव तुझ्या डोळ्यांसमोर नको, म्हणून काढायचो."

"मला वाटलं, वन्सं काढतात. रागाने."

"मी?" धाकटी म्हणाली. "मी तर जाता येता बघायचे त्याचं नाव."

मशीन बंद पडलं. मागचा कारागीर चहाला गेला असावा. एवढ्या शांततेची आम्हाला सवय नाही.

मी की-बोर्ड ओढला. पेरणीच्या फाइलीतली ती ओळ काढली. त्या ओळीपुढचा स्वल्पविराम राहिला होता, तोही काढला. मग बेचाळिसावी मायग्रेशनची फाइल उघडली. तपासणाऱ्यांना एक नवा रकाना जोडायचा होता, सद्यःस्थिती. कामावर, रजेवर, काम सोडलं, यांपैकी एक. रिकामा सोडायची सोय मी मुद्दामच ठेवली नाही. म्हणजे आधीपासून आहेत त्यांच्यापुढे काहीतरी लिहिल्याशिवाय ती फाइल पुढे जाणार नव्हती.

"तुम्ही, कामावर," मी टाइप करत म्हटलं. "तपासनीस, कामावर." आणि थांबले. "याला रजेवर लिहिते. नंतर काय, एक शब्द तर बदलायचाय."

"नको," सासरे म्हणाले.

"बाबा, राहू दे ना," धाकटी म्हणाली. "तापातून उठलायत."

"पहिल्यांदा काढलं ती तारीख दाखव मला."

मी दाखवली. गेल्या वर्षीचा एक मंगळवार. त्यांनी मफलर सोडला, मांडीवर घडी घातली, परत उलगडला.

"त्याच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला होता. इथे, दुकानावर. मशीन चालू होतं. मी घरी सांगितलं नाही. म्हटलं, मशीनच्या आवाजात नीट ऐकू आलं नसेल आपल्याला. वर्षभर स्वतःला तेच सांगतोय." त्यांनी हात माझ्या मनगटावर ठेवला. "ऐकू आलं होतं पोरी, अक्षर न् अक्षर. त्याने तिकडे दुसरं घर मांडलंय. तो येणार नाही."