बंद माइकपुढची तालीम

मित्रांनो, टेबलावरच्या त्या नव्या, बिनवायरच्या माइकचं कौतुक करून झालं असेल, तर खालच्या खोक्यातही एकदा डोकावा. जाळीला पोचा पडलेला, मानेला चिकटपट्टी गुंडाळलेला जुना माइक म्हणजे मी. मला कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो.

माझ्या पोटात कागदाहून पातळ पडदा आहे. तो बसवणाऱ्या कारागिराने "हॅलो, एक, दोन, तीन" म्हणून मला पहिल्यांदा बोलतं केलं. तिथून मी आलो तो या कपड्यांच्या कारखान्याच्या सभागृहात. वीस वर्षं मी साहेबांची भाषणं ऐकवली. "काय खणखणीत माइक आहे!" असं लोक म्हणत आणि मी फुशारून जाई. भाषणं म्हणजे नुसतं पाल्हाळ, पण फुकटची शाबासकी घ्यायला माझं काय जात होतं?

मग काजवाली आली. शिवणखात्यात ती शर्टांना काजं करायची, म्हणून हे नाव. त्या खोलीत साठ बायका आणि मागचं दार बाहेरून कुलूपबंद. माल चोरीला जातो म्हणे! उद्या आग लागली तर पळायचं कुठून? तीन अर्ज दिले, तिन्ही केराच्या टोपलीत गेले. वार्षिक सभेला मालक स्वतः येणार होते. तिथेच उभं राहून विचारायचं असं बायकांनी ठरवलं आणि काजवालीला पुढे केलं, कारण दाराला लागून मशीन तिचं होतं. ती बिचारी चारचौघांत स्वतःचं नाव सांगतानाही चाचरायची.

महिनाभर जेवणाच्या सुट्टीत ती धाकट्या नणंदेला घेऊन माझ्यापुढे तालीम करायला आली. रखवालदार भला माणूस. त्याने आत सोडलं, पण एक अट घातली. "बाई, हवं तेवढं बोला, फक्त स्विच लावू नका. वर ऑफिसात आवाज गेला तर माझ्या पोटावर पाय येईल."

म्हणून मी बंदच. नणंद शेवटच्या रांगेत बसून ओरडायची, "वहिनी, शेवटच्या खुर्चीला ऐकू येत नाहीये!"

"वन्सं, त्या खुर्चीचे कान तपासून घ्या!" काजवाली म्हणायची आणि आणखी मोठ्याने बोलायची.

पहिल्या आठवड्यात ती माझ्यापासून दोन हात लांब उभी राहून पुटपुटायची. चौथ्या आठवड्यात ती कमरेवर हात ठेवून, मला तोंड चिकटवून गर्जायला लागली. मला तिचा केवढा अभिमान वाटत होता! पण माझ्यापुढे ओरडून नव्हे, सावकाश बोलायचं असतं, हे तिला कोणी सांगितलंच नाही.

सभेच्या दिवशी मी चालू होतो. सवयीप्रमाणे ती अगदी जवळ येऊन ओरडली, "मालक, आमच्या खोलीचं मागचं दार—" आणि माझ्यातून अशी कर्कश शिट्टी निघाली, की पुढच्या रांगेने कानांवर हात ठेवले. भिंतीवरच्या कर्ण्यांतून तिचाच आवाज राक्षसासारखा तिच्या अंगावर आला. आयुष्यात पहिल्यांदा तिने तो ऐकला आणि तिची दातखीळ बसली. कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले.

"असू द्या हो बाई, लेखी द्या," मालक गोड बोलले.

मी तोंडघशी पाडलं तिला. मित्रांनो, मला त्या दिवशी फुटून जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी नणंद तिला हाताला धरून घेऊन आली. "वहिनी, पुढच्या सभेला परत बोला ना. मी रखवालदारकाकांच्या पाया पडते, स्विच लावू देतील."

"नको वन्सं. बायकांनी विश्वास टाकला आणि मी माती खाल्ली. आता माझं तोंड शिवलं गेलंय. काजाशिवाय." ती हसलीसुद्धा नाही. पुन्हा ती कधी आली नाही.

माझी फार वर्षं उरलेली नाहीत. मला पुसू नका, माझी वायरही बदलू नका. एवढंच करा: कोणी घाबरत घाबरत बोलायला शिकत असेल, तर त्याला त्याचा आवाज आधी ऐकू द्या. आणि तो अडखळला, तर हसू आवरा. त्या दिवशी हसणाऱ्यांत शिवणखात्यातल्याही काही जणी होत्या. आज सकाळी त्याही आत गेल्या, आणि मागचं दार बाहेरून बंद झालं.