जिलेटिन

ही २०१९ सालच्या दिवाळीतली गोष्ट. आम्ही आगरदांड्याचे कोळी. माझी सून भाविका मात्र म्हसळ्याकडची, भातशेतीवाल्या घरातली.

माहेरच्या गोठ्यात तिला गोचीड चावायचे. त्यातूनच हे दुखणं लागलं, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं. मटण खाल्लं की चार-पाच तासांनी अंगावर गांधी उठायच्या, श्वास कोंडायचा. तोवर मी त्याला नखरे म्हणत होते. मासे, कोंबडी, अंडी चालतील. बकरा, डुक्कर, गुरं यांच्या अंगातलं काही पोटात जाऊ द्यायचं नाही. पाकिटावरचं बारीक अक्षर वाचायचं, असं बजावून डॉक्टरांनी यादी दिली. भाविकाने ती भिंतीवर चिकटवली.

चौथीपर्यंतच्या शिक्षणावर मी ती वाचली. चरबी कळली. खाली होतं जिलेटिन.

आमच्याकडे जिलेटिन म्हणजे खाणीतल्या सुरुंगाच्या कांड्या. माझ्या दिराने, तुकारामने, तरुणपणी तसली कांडी पेटवून खाडीत मासे मारायला जाऊन तीन बोटं घालवली होती.

"भावजी, तुमचं जिलेटिन आता खाऊत घालतात म्हणे!"

"मग माझी बोटं बी त्या पाकिटात हायेत का बघा, वैनी."

भाविकाही हसली. "आई, ते वेगळं. हे जनावरांच्या हाडा-कातड्याचं असतं." मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही.

भाऊबीजेला माझी लेक नूतन मुंबईहून परदेशी मऊ गोळ्यांचं पाकीट घेऊन आली. भाविका अंगणात कोळंबी सोलत होती. तिची नऊ वर्षांची लेक अमिषा इंग्रजी शाळेत जायची. माझ्याजवळ बसून ती अक्षरं लावत वाचू लागली, "साखर, ग्लुकोज, जि-ले-टिन." मला पुन्हा तुकारामची बोटं आठवली आणि हसू आलं. मांसाहाराची तपकिरी खूण होती, पण ती तर अंड्यावाल्या केकवरही असते.

"आई, वाचलंत ना?" अंगणातून भाविकाने विचारलं.

"वाचलं गो. चालतंय."

तिचे हात बरबटलेले होते, म्हणून दोन गोळ्या मीच तिच्या तोंडात घातल्या.

दुपारी तीनला गांधी उठल्या, मग घसा सुजला. विनेश, माझा मुलगा, समुद्रावर होता. तुकारामने रिक्षा आणली. मुरूड यायच्या आधीच, माझ्या मांडीवर, ती गेली.

"पाकीट कोणी वाचलं होतं?" दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात रिक्षातून बरोबर आलेली अमिषा म्हणाली, "मी." मी तोंड मिटलं. पोरीने चुकीचं वाचलं, असं सगळे हळहळून म्हणत राहिले, आणि मी म्हणू दिलं.

तुकाराम दोन वर्षांनी गेला. विनेश रत्नागिरीकडच्या बोटीवर असतो, शिमग्याला येतो, जेवून लगेच निघतो. नूतन आमच्याकडे येताना फक्त फळं आणते. अमिषा आता दहावीत आहे. दुकानात ती पाकीट स्वतः दोनदा वाचते, मग दुकानदाराला वाचायला लावते. स्वतःच्या वाचण्यावर तिचा विश्वास नाही.

गेल्या दिवाळीत मी तिला सांगितलं, "तू बरोबर वाचलं होतंस."

तेव्हापासून ती मला आजी म्हणत नाही. भिंतीवरची यादी तिने काढून नेली.