सवतीला चौसष्ट

भिंगकाकांच्या घरात बायको एक आणि सवत एक. सवत कपाटात राहायची, मखमली डबीत, आणि तिला हात लावायचा तर आधी साबणाने हात धुवायचे, कोरडे करायचे, वर सुती हातमोजे चढवायचे. "माझ्यासाठी कधी नुसते हातसुद्धा धुतले नाहीत," असं काकू चार लोकांत बिनदिक्कत सांगायच्या. काका तेव्हा खिडकीबाहेर बघत बसायचे.

सवत म्हणजे निकेलचं एक नाणं. एका बाजूला वेणी घातलेल्या बाईचा चेहरा, दुसऱ्या बाजूला दीपस्तंभ. आता निकेल हा धातू म्हणजे महा हट्टी. टाकसाळीत ठसा कितीही जोरात हाणा, बारीक रेघांत तो पुरता शिरतच नाही. त्यामुळे दीपस्तंभाच्या पायऱ्या तळापर्यंत स्वच्छ उमटलेलं नाणं लाखात एखादं. शिवाय ते कुणाच्या खिशात न घासलेलं हवं, मूळची झळाळी अंगावर असलेलं हवं. अशा नाण्यांना सत्तरपैकी गुण देतात. पुरते सत्तर मिळालेलं नाणं आमच्या मंडळींत कुणी पाहिलेलं नाही. साठाच्या वर एकेक गुण म्हणजे एकेक चढण. चौसष्टचं नाणं विकून सायकल येत असेल तर सहासष्टचं विकून स्कूटर येते, आणि दोन्हींत फरक म्हणाल तर गालावरचा केसाएवढा ओरखडा. काकांनी सवतीला सहासष्ट दिले होते. कुणी? काकांनीच. आपला तो बाब्या, असं काकू म्हणायच्या, पण हळू.

काका साधे असामी नव्हते बरं का. दर रविवारी दुपारी शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत नाणी जमवणारी मंडळी जमायची, आणि त्यांचे परीक्षक काका. तिथली रीत कडक. ज्याला गुण हवेत त्याने आपलं नाणं डबीतून काढून कोऱ्या पांढऱ्या पाकिटात घालायचं आणि जिन्यातच शिंप्याच्या हाती द्यायचं. पाकिटावर नाव नाही, खूण नाही. परीक्षकाने नाणं पाहायचं, आकडा सांगायचा, आणि मगच मालकाने "माझं" म्हणून उठायचं. एकदा आकडा सांगितला की हुज्जत नाही. या रीतीपायी काकांनी सख्ख्या मेहुण्याच्या नाण्याला अठ्ठावन्न दिले होते आणि मेहुणा वर्षभर घरी आला नव्हता. काकूंना त्याचंही फारसं वाईट वाटलं नव्हतं, कारण तो आला की चार दिवस हलायचा नाही.

तर या काकांना मोतीबिंदू झाला. चार-पाच वर्षं ते "दिवा मंद आहे, दिवा मंद आहे" म्हणत राहिले, शिंप्याने बिचाऱ्याने तीनदा बल्ब बदलला. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं केली. पट्टी निघाली आणि काका घरभर फिरून भिंतींचे पोपडे मोजत बसले. इथवर सगळं झकास. पण पुढच्याच रविवारी घोटाळा झाला. पाकिटातून आलेल्या एका नाण्याला त्यांनी त्रेसष्ट दिले, आणि औषधवाला ताडकन उठला. त्याचं नाणं होतं ते. तीन वर्षांपूर्वी काकांनीच त्याला पासष्ट दिले होते.

"नाणं माझ्या लॉकरमध्ये होतं, काका," औषधवाला म्हणाला. "लॉकरमध्ये कुठलं नाणं झिजतं?"

काकांनी नाणं पाकिटात सरकवून परत दिलं. घरी येऊन ते जेवले नाहीत. "सगळी नाणी एकसारखी पांढरीफटक दिसतात गं," ते काकूंना म्हणाले. "ऊबच गेली त्यांच्यातली. डोळे आले, पण नजर गेली. पुढच्या रविवारी घड्याळजीला खुर्ची देऊन टाकतो."

घड्याळजी म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारा त्यांचा जुना दोस्त. माणूस चांगला, नजरही चांगली. त्याला खुर्ची मिळायला काकूंची काही हरकत नव्हती. हरकत होती ती काकांना खुर्ची नसण्याला. रविवार गेला तर या माणसाचा सोमवारही जाईल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आठवडाभर ते त्या एका दुपारच्या जोरावर जगायचे. त्या आठवड्यात काकांनी दाढी केली नाही, आणि ऑपरेशननंतर एकदाही सवतीची डबी उघडली नाही. काकूंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "तीही तशीच पांढरी दिसली तर?" एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून झोपले. काकूंनी कपाट उघडून डबीवरची धूळ पुसली. सवत असली म्हणून काय झालं.

मग काकूंनी डोकं लढवलं. नको तितकं लढवलं, हे पुढे कळेलच. खुर्ची सोडायचीही एक रीत होती: जाणाऱ्याने आणि येणाऱ्याने एकच पाकीट वेगवेगळं पाहायचं, चिठ्ठीवर आकडा लिहून कपबशीखाली ठेवायचा, आणि मग दोन्ही चिठ्ठ्या सगळ्यांसमोर उघडायच्या. काकूंचा हिशोब सरळ होता. त्या पाकिटात सवतच घालायची. ओळखीचं माणूस समोर आलं की डोळे आपोआप हसतात. काका ओळखतील, सहासष्ट लिहितील, नजर शाबूत आहे म्हणून त्यांची खात्री पटेल आणि खुर्ची राहील. घड्याळजीने सवतीला हातात कधी घेतलं नव्हतं, काका कुणाला घेऊच देत नसत. तो काय लिहील याचा विचार काकूंनी केलाच नाही.

रविवारी काका आंघोळीला गेल्यावर काकूंनी हात धुतले, मोजे चढवले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सवतीला कडेला धरून उचललं. पाकिटात घातलं. काका वर गेल्यावर मागे राहून जिन्यात शिंप्याच्या हातात देताना म्हणाल्या, "हेच आधी काढा हं." शिंप्याने भुवया उंचावल्या, पण तो रीतीचा माणूस, एक अक्षर बोलला नाही.

काकांनी नाणं चिमट्याने मऊ कापडावर घेतलं, भिंग डोळ्याला लावलं, दिव्याखाली तिरकं करून फिरवलं. काकू कोपऱ्यात बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. आता हसतील, आता हसतील. काका हसले नाहीत. दीपस्तंभ पाहिला, मान डोलावली. चेहऱ्याची बाजू केली आणि तिथे बराच वेळ थांबले. मग चिठ्ठीवर आकडा लिहिला आणि कपबशीखाली सरकवला. घड्याळजीने त्यांच्याहून जास्त वेळ घेतला. तीनदा नाणं फिरवलं, एकदा खिडकीपाशी नेलं.

शिंप्याने आधी काकांची चिठ्ठी उघडली. "चौसष्ट," त्याने वाचलं.

काकू मनात म्हणाल्या, संपलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. ज्या माणसाला धीर द्यायला निघालो त्याच्याच हातून त्याच्या लाडकीचे दोन गुण कापवले, वर नजर गेल्याचा पुरावाही चार लोकांत आपणच मांडला. मेहुण्याने केलं नसतं ते बायकोने केलं.

"आता घड्याळजींची," शिंपी म्हणाला, आणि चिठ्ठी उलगडून त्याने ती दोनदा पाहिली. "चौसष्ट."

खोलीत कुजबुज झाली. औषधवाला पुढे सरकला. घड्याळजी भिंग खिशात घालत म्हणाला, "गालावर ओरखडा आहे, वेणीच्या खाली. मला तीनदा फिरवल्यावर दिसला. तुम्हाला, काका?"

"पहिल्याच नजरेत," काका म्हणाले. "उठून दिसतोय की."

"मग खुर्ची कशाला सोडताय? मी नाही बसणार. तुमच्या शेजारी बसून शिकेन हवं तर."

काकांनी घड्याळजीकडे पाहिलं, मग नाण्याकडे, आणि आठवडाभरात पहिल्यांदा ताठ बसले. काकूंनी हे पाहिलं. इथंच गप्प बसावं, असं त्यांना फार वाटलं. शिंप्याकडून नाणं गुपचूप मागून घ्यावं, डबीत ठेवावं, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण शिंपी विचारत होता, "कुणाचं आहे हे?" कुणीच उठेना. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा काकू उठल्या.

"माझं," त्या म्हणाल्या.

"तुझं?" काका म्हणाले. "तुझ्याकडे कुठलं आलं नाणं?"

"कपाटातलं आहे. तुमचंच. सवत आहे ती." आणि मग त्यांना थांबताच आलं नाही. "तुम्ही ओळखाल असं वाटलं हो मला. ओळखाल आणि खूश व्हाल. चुकलं माझं."

काकांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. दिवा जवळ ओढला. या वेळी त्यांनी नाणं फिरवलं नाही, नुसतं बघत राहिले. ज्या नाण्याच्या झळाळीला ते इतकी वर्षं मधासारखी म्हणत आले, ते असं चंदेरी, थंड, स्वच्छ होतं. मधाचा रंग त्यांच्या डोळ्यांतल्या मोतीबिंदूचा होता. ओरखडाही आजचा नव्हता, त्याच्या कडा जुन्या होत्या. तो होताच. दिसत नव्हता, आणि त्याआधी, डोळे धड होते तेव्हा, कदाचित बघायचाच नव्हता. हे काका मनात म्हणाले नाहीत, मोठ्याने म्हणाले, सगळ्यांसमोर.

मग ते हसायला लागले. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलेपर्यंत. "मेहुण्याला अठ्ठावन्न देणारा मी," ते डोळे पुसत म्हणाले, "आणि घरच्या घरी दोन गुण चोरले."

औषधवाल्याचं तोंड मात्र उतरलं. "म्हणजे माझंही त्रेसष्टच का हो?"

"त्रेसष्टच. आणि फक्त तुमचंच नाही. मोतीबिंदूच्या काळात ज्यांना ज्यांना मी गुण वाटले, त्या सगळ्यांनी आपापली नाणी परत आणा."

"काही घाई नाहीये, काका," औषधवाला म्हणाला, आणि मागे दोघातिघांनी जोरजोरात माना हलवल्या.

"मला आहे," काका म्हणाले.

काकूंनी मनातल्या मनात हिशोब केला. एवढ्या सगळ्यांची नाणी पुन्हा पाहायची म्हणजे वर्षभराचे रविवार तरी बांधले गेले. त्यांचा जीव भांड्यात पडला. शिंप्याने चहा मागवला, घड्याळजी काकांच्या शेजारी खुर्ची ओढून बसला, आणि दुसरं पाकीट उघडलं गेलं.

संध्याकाळी दोघं चालत घरी निघाले. सवत काकांच्या आतल्या खिशात होती. कोपऱ्यावरच्या दिव्याखाली काकू थांबल्या.

"वाईट वाटलं का?"

"थोडं वाटलं. पण ती आहे तशी आज पहिल्यांदा दिसली. छान आहे, चौसष्टची."

काकू दोन पावलं चालल्या आणि पुन्हा थांबल्या. हे त्यांना पट्टी निघाल्यापासून विचारायचं होतं, आणि चेष्टेशिवाय विचारायचं धाडस होत नव्हतं. "मग मीही दिसलेच असेन की स्वच्छ. सुरकुत्याबिरकुत्यांसकट. मला किती दिलेत?"

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. दिवा चांगला होता, काही लपत नव्हतं, आणि त्यांनीही घाई केली नाही.

"आपल्या माणसाचे गुण मला लावता येत नाहीत," ते म्हणाले. "आत्ताच चार लोकांत सिद्ध झालं ना?"

"तरी पण."

"घड्याळजीला विचार मग," काका म्हणाले, आणि काकूंनी त्यांच्या दंडाला चिमटा काढला. मग तोच दंड धरून त्या घरापर्यंत चालल्या.