हाल्वरचा गुडघा

हे मी सांगायचं नव्हतं. तसं कबूल केलं होतं, म्हणजे माझ्यासमोर तिघांनी एकमेकांना कबूल केलं आणि मी तिथे होते, म्हणजे मलाही ते लागू होतंच. पण गेले दोन उन्हाळे ते माझ्या काचेत अडकून बसलंय.

मी एक दुर्बीण. तीन पायांच्या घोडीवर बसणारी, एकाच डोळ्याने बघायची. माझं काम बघण्याचं आहे, बोलण्याचं नाही, म्हणून कुठे चुकले तर सांभाळून घ्या.

माझ्या काचा एका कारखान्यात घासल्या गेल्या. तिथलं मला फक्त पाण्याचा आवाज आणि एका बाईचे थंड हात एवढंच आठवतं. मग नॉर्वेतल्या या खोऱ्यात मी एका पाद्रीबाबांकडे आले. त्यांना क्रौंच पक्षी बघायचे असत. वसंतात ते मला घेऊन दलदलीच्या काठी बसत आणि पक्षी आले नाहीत तरी आनंदात घरी जात. ते गेल्यावर त्यांच्या मुलीने मला नेमबाजीच्या मैदानावर देऊन टाकलं. क्रौंच संपले, छिद्रं सुरू झाली.

मैदान जंगलाच्या कडेला आहे. शंभर मीटरवर फळ्या उभ्या, प्रत्येक फळीवर कागदी रेनडिअर, त्याच्या छातीवर एक वर्तुळ. शरद ऋतूत मूस या अवाढव्य हरणाच्या शिकारीला जायचं तर आधी परीक्षा द्यावी लागते, दर वर्षी, मग तुम्ही कितीही शिकारी केलेल्या असोत. त्याआधी सरावाचे तीस बार मारून कार्डावर सही घ्यायची. परीक्षेत पाच बार. पाचही वर्तुळात लागले पाहिजेत.

तेव्हा सही करायची आसलाउग. तिने चाळीस वर्षं खोऱ्यात टपाल वाटलं होतं आणि मग ती माझ्यामागे बसून छिद्रं मोजायची. "दोन बोटं उजवीकडे," ती ओरडायची, आणि बार मारणारा आधी रायफलकडे रागाने बघायचा. नेम चुकला की माणसं नेहमी रायफलकडेच बघतात. मग वाऱ्याकडे. स्वतःच्या हाताकडे बघणारा मी अजून एकच पाहिला, आणि त्याची बायको शेजारी उभी होती.

हाल्वर साठ वर्षं या मैदानावर येत होता. त्यातली तीस वर्षं तो गावाच्या शिकारी गटाचा म्होरक्या. कोण कुठल्या टेकाडावर उभं राहील, कोण हाकारा घालेल, सगळं तो ठरवायचा. त्या उन्हाळ्यात मात्र तो सरावाला रोज वेगळ्या वेळी यायला लागला. "उजेड बरोबर नाही," म्हणायचा. उजेड चांगला होता. मला उजेडातलं कळतं. पण बार लागत होते वर्तुळात, त्यामुळे आसलाउग सही करत गेली.

परीक्षेच्या दिवशी त्याच्या शेजारच्या चटईवर त्याची सून सुनीवा होती. तिची पहिलीच परीक्षा. फळी तीन हाल्वरची, फळी चार तिची.

"बाबा, माझे हात थरथरतायत."

"थरथरू देत. रेनडिअर कागदाचं आहे पोरी, पळणार नाही."

सुनीवाचे पाच बार आधी संपले. आसलाउगने मला फळी चारवर वळवलं. चार आत, एक बाहेर. तेवढ्यात हाल्वरचा शेवटचा बार झाला आणि माझ्या समोरच, फळी चारवर, वर्तुळाच्या अगदी मधोमध सहावं छिद्र उमटलं.

मी पाहिलं. आसलाउगनेही पाहिलं. तिने मला हळूच फळी तीनवर नेलं. तिथे चारच छिद्रं होती, चारही आत.

आसलाउगने रायफली रिकाम्या करायला लावल्या आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "तीनवर चार, चारवर सहा. सहातलं एक बाहेर. ते कुणाचं?"

मागच्या खोपटातून साच्यात भाजल्या जाणाऱ्या वाफलचा गोड वास येत होता. हाल्वर उठून बसला. त्याचे कान लाल झाले होते.

"माझं," तो म्हणाला. "सुनीवाचे पाचही आत आहेत. सही कर तिच्या कार्डावर."

सुनीवा चटईकडे बघत होती. "नाही. चौथ्या बाराला माझे डोळे मिटले. बाहेरचं माझं आहे, बाबा. मधलं तुमचं."

"मधलं?"

"अगदी मधोमध. माझ्या रायफलीच्या भिंगातून दिसलं."

"म्हणजे मी शेजारणीचं रेनडिअर मारलं," हाल्वर म्हणाला, आणि आसलाउगला इतकं हसू आलं की मीही घोडीवर हलले.

"दोघंही पुन्हा पाच-पाच मारा," ती डोळे पुसत म्हणाली. "एक संधी देता येते. असा हात असल्यावर तू सहज पास होशील, हाल्वर."

खरं होतं ते. आणखी पाच बार, आणि तो याही शरदात म्होरक्या राहिला असता. त्याने पाच गोळ्या काढून चटईवर मांडल्या. मग थांबला, उठला आणि माझ्याकडे आला. डावा डोळा मिटून त्याने उजवा माझ्या काचेला लावला.

त्या डोळ्यात मधोमध राखाडी डाग होता. मी इतक्या जवळून पाहिला, पण तो मला पुसता येण्यासारखा नव्हता.

"फळीवरचा आकडा किती मोठा असतो?" त्याने विचारलं.

"वीतभर," आसलाउग म्हणाली. तिचं हसू गेलं होतं. "डॉक्टर काय म्हणाले?"

"जाणार नाही म्हणाले."

"डाव्या डोळ्याने मार. शिकशील."

"या वयात? झाडीपलीकडे आपलीच माणसं रांगेने उभी असतात, आसलाउग. त्यांच्यावर आकडे लिहिलेले नसतात."

हाल्वरने गोळ्या एकेक करून डबीत भरल्या. मग सुनीवाला म्हणाला, "तू झोप चटईवर. आणि चौथ्याला डोळे उघडे ठेव."

तिने ठेवले. पाचही आत.

"घरी आणि गावात सांगायचं, गुडघा गेला," तो जाताना म्हणाला. "डोळा म्हटलं की लोक हाताला धरून रस्ता ओलांडून देतात." दोघींनी मान डोलावली.

त्याला दोन वर्षं झाली. आसलाउग आता वाफल करते आणि माझ्यामागे हाल्वर बसतो, डावा डोळा लावून. तो डोळा लखलखीत आहे. त्या दिवशीचा फळी चारचा कागद त्याने चौघडी घालून माझ्या चामडी पिशवीत ठेवलाय, त्यामुळे मी हिवाळाभर त्या सहा छिद्रांवर झोपते. गटाची म्होरकी आता दुसरीच कुणी आहे. सुनीवा त्या म्होरकीच्या डाव्या हाताच्या टेकाडावर उभी राहते.

माझ्या घोडीचा एक पाय सैल झालाय आणि काचेच्या कडेला बुरशीचा ठिपका आहे, पण कडेलाच. अजून चालतं मला.

तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. या बाजूला आलात आणि हाल्वर भेटला, तर गुडघा कसा आहे म्हणूनच विचारा. तो लंगडून दाखवेल. कधी उजव्या पायाने लंगडतो, कधी डाव्या, तिकडे लक्ष देऊ नका. आणि डोळ्याचं मी तुम्हाला सांगितलं हे त्याला कळता कामा नये, कारण तो जर—

"चल गं म्हातारे, ऊठ! फळी तीनवर बार झाला, बघ बरं कुठे लागला ते."